‘ढ’ कोणी ठरविले?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या वस्तीतील बुद्धविहारात आम्ही काही मित्र दर रविवारी सकाळी आठवी ते दहावीच्या मुलामुलींचा अभ्यासवर्ग घेतो. गणित आणि इंग्रजी हे दोनच विषय. त्या दिवशी नववीतील एक मुलगी बीजगणिताचे उदाहरण सोडवायला फळ्याजवळ गेली. दोन ओळी लिहून थांबली, खडू खाली ठेवला आणि म्हणाली, “सर, आमच्या घरात कोणालाच गणित येत नाही. मी ढच आहे.” मुले हसली. ती मात्र हसली नाही. कुणी आपला पत्ता सांगावा तितक्या सहजपणे तिने ते वाक्य उच्चारले होते.

वास्तविक तसेच उदाहरण आदल्या रविवारी तिने वहीत बरोबर सोडविले होते. म्हणजे अडचण गणिताची नव्हती. आम्ही पुस्तक मिटले आणि सर्वांनाच विचारले, “ढ कोण, हे कोणी ठरविले?” एक मुलगा म्हणाला, मार्कांनी. दुसरी म्हणाली, बाईंनी. मागे बसलेला एकजण बराच वेळ गप्प होता. तो म्हणाला, “शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी वर्गात ज्यांना उभे करतात ना, ते ढ.” त्यावर कोणी हसले नाही.

त्या दिवशी गणित झाले नाही. परंतु आमच्या अभ्यासवर्गात दोन नवे विषय नकळत सुरू झाले. ‘ढ म्हणजे काय आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा?’ हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. ‘हा शिक्का बसला की मुलाच्या मनात काय घडते?’ हा मानसशास्त्राचा प्रश्न आहे. हे दोन्ही प्रश्न आमच्या मुलांच्या आयुष्याशी रोज खेळत असतात. पण शाळेत त्यांना जागा नाही.

आजची व्यवस्था पाहा. राज्य मंडळाच्या शाळांत दहावीपर्यंत ना तत्त्वज्ञान, ना मानसशास्त्र. तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय भेटतात ते अकरावी-बारावीला, तेही पर्यायी म्हणून, आणि तेही ज्या कनिष्ठ महाविद्यालयात ते शिकविण्याची सोय आहे तेथेच. दहावीनंतर आयटीआयला गेलेला, शाळा सोडून कामाला लागलेला, लग्न होऊन सासरी गेलेली, यांना हे विषय जन्मात भेटत नाहीत. ज्यांना त्यांची सर्वाधिक गरज आहे, ते दार उघडण्यापूर्वीच बाहेर पडलेले असतात.

यावर काही सुशिक्षित बांधव म्हणतील की नववी-दहावीच्या पोरांना तत्त्वज्ञान काय कळणार? त्यांना आम्ही १८५५ सालची आठवण करून देऊ इच्छितो. त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, मातंग समाजातील चौदाएक वर्षांची मुलगी, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत तीन वर्षे शिकलेली. तिने विचारले की वेद हे फक्त ब्राह्मणांचे असतील आणि आम्हाला ते पाहण्याचीही मनाई असेल, तर आमचा धर्म कोणता? ज्यांना धर्मग्रंथच नाही ते धर्मरहित झाले, हे तिचे अनुमान होते. विरोधकाचेच विधान घ्यायचे आणि त्यातून निघणारा निष्कर्ष त्याच्याच पुढे ठेवायचा, ही तर्कशास्त्रातील उत्तम पद्धत. चौदा वर्षांच्या मुलीला ती साधली, कारण शाळेने तिला अक्षरांबरोबर प्रश्न करण्याची मुभा दिली होती. आजच्या वयाने मोजले तर मुक्ता आठवी-नववीत असती.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे, पण आपण त्याकडे या दृष्टीने फारसे पाहिलेले नाही. शाळकरी वयातील भीमरावांच्या कौतुकाच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना आपले बुद्धचरित्र भेट दिले. ते वाचून या मुलाने वडिलांना प्रश्न केला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी स्वतः ही हकीकत सांगितली आहे. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांचा हीनपणा वारंवार येतो, ते रामायण-महाभारत आम्हाला का वाचायला लावता, असा तो प्रश्न होता. सुभेदार रामजींचे उत्तर लक्षात घेण्यासारखे आहे. आपण अस्पृश्य आहोत, म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड तयार होण्याची शक्यता आहे, तो घालविण्यास हे ग्रंथ उपयोगी पडतात, लहान स्थितीतील माणसे किती उंचीवर गेली हे त्यांतून दिसते, असे त्यांनी समजावले. मुलाला या म्हणण्यात तथ्य वाटले, पण समाधान झाले नाही. त्याने त्या कथांतील थोर म्हणविणाऱ्या पात्रांच्या आचरणावरच बोट ठेवले.

वाचकहो, मुंबईच्या चाळीतील एका खोलीत बाप आणि मुलगा काय बोलत होते? बाप न्यूनगंडाविषयी, म्हणजे मनाच्या जखमेविषयी बोलत होता. मुलगा नीतीविषयी, म्हणजे योग्य-अयोग्य ठरविण्याच्या कसोटीविषयी बोलत होता. दोन्ही विषय त्या खोलीत हजर होते. बापाने शेवटी मुलाला कारण समजावून सांगितले आणि मुलाने बापाचे म्हणणे ऐकून घेऊन मग असमाधान सांगितले. कोलंबिया विद्यापीठाच्या कितीतरी आधी बाबासाहेबांचा हा वर्ग घरात भरला होता. आपल्यापैकी किती घरांत आज तो भरतो?

आता मनाच्या जखमेचा विचार करू. अमेरिकेत केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास लहान मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फक्त काहींचा रंग गोरा आणि काहींचा सावळा. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, असे विचारले. बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून निवडली. मग विचारले, तुझ्यासारखी दिसते ती कोणती? या प्रश्नावर काही मुले रडली. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेदाची विभागणी घटनाबाह्य ठरविली. त्या ब्राउन खटल्याच्या निकालात क्लार्क यांच्या अभ्यासाचाही हवाला आहे. मुलाच्या मनावर झालेला घाव न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहिला, हे मानसशास्त्राचे सामर्थ्य.

आपल्या देशातील उदाहरण तर अधिक जवळचे आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात सहावी-सातवीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग जागतिक बँकेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना कागदावरील भूलभुलैये सोडवायला दिले आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे पैसे ठेवले. ३२१ मुले उच्च मानल्या गेलेल्या जातींतील, ३२१ मुले दलित. जेव्हा कोणाची जात सांगितली गेली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय फरक दिसला नाही. दुसऱ्या वेळी कोडी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, गाव, वडील, आजोबा आणि जात सर्वांसमक्ष पुकारण्यात आली. मुले तशीच, कोडी तशीच. पण दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी उभे राहणारे ढ, असे आमच्या विहारातील मुलगा म्हणाला होता. त्याने हा अभ्यास वाचलेला नव्हता. त्याने तो भोगलेला होता.

परंतु येथेच थांबून एक प्रश्न केला पाहिजे. जात पुकारल्यावर ती मुले का अडखळली? स्वतःवरचा विश्वास गेला म्हणून? की आता आपल्याला योग्य न्याय मिळणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते म्हणून? अभ्यासकांनी दुसऱ्या कारणाकडेही लक्ष वेधले आहे. दोन्ही उत्तरांत मोठे अंतर आहे. पहिले खरे असेल तर मुलाला धीर द्यावा लागेल. दुसरे खरे असेल तर मुलाचे मन अगदी शाबूत आहे, त्याने जगाविषयी बरोबर अनुमान काढले आहे, आणि दुरुस्ती वर्गाची करावी लागेल. हा भेद करायला तत्त्वज्ञान लागते. म्हणून आमचे म्हणणे असे की एकटे मानसशास्त्र शिकवू नका. त्याला तत्त्वज्ञानाची जोड द्या.

एकट्या मानसशास्त्राचा धोका इतिहासात दिसून आला आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती कोणत्या मुलांना शिकण्यात जास्त मदत लागेल हे शोधण्यासाठी. बुद्धी म्हणजे जन्मभर न बदलणारा आकडा आहे, हे त्यांना मान्य नव्हते. हीच चाचणी अमेरिकेत गेली आणि काही मानसशास्त्रज्ञांनी तिचा उपयोग अमुक वंश हुशार, तमुक वंश मंद असे जाहीर करण्यासाठी केला. मदतीसाठी केलेले साधन शिक्का मारण्याचे यंत्र बनले. आपल्याकडेही २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी घेण्यात आली. मुलाचा कल कळावा हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण ज्या मुलाने प्रयोगशाळा धड पाहिलेली नाही, त्याचा विज्ञानाकडे कल नाही असे कागदावर आले, तर तो कल मुलाचा की त्याच्या शाळेचा? हा प्रश्न त्या कागदाकडे बघताना मुलालाच सुचला पाहिजे.

हीच गोष्ट समुपदेशनाची. रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला, डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली. अशा प्रत्येक वेळी मुले मनाने कणखर हवीत, असे उपदेश ऐकू येतात. मन खचले असेल तर मदत मागितलीच पाहिजे, त्यात कमीपणा नाही. सरकारची १४४१६ ही टेलिमानस सेवा २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक प्रत्येक विहाराच्या भिंतीवर लिहिला पाहिजे. पण छळ करणारा मोकळा आणि छळ सोसणाऱ्याला मात्र मन घट्ट करण्याचा सल्ला, हे आम्हाला मान्य नाही. आपले दुःख आपल्या मनातून निघाले आहे की आपल्यावर लादले गेले आहे, हे ओळखणे ज्याला जमले तो योग्य दारावर धडक देतो. हे ओळखण्याचे शिक्षण चौदाव्या वर्षी मिळाले पाहिजे. वसतिगृहाच्या खोलीत एकटे पडल्यावर ते मिळत नाही.

मग शिकवायचे कसे? व्याख्याने देऊन मुळीच नाही. कोलंबियात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेव्हा तत्त्वज्ञ जॉन ड्यूई तेथे प्राध्यापक होते. ड्यूईंच्या विचारांचा प्रभाव ‘जातिनिर्मूलन’ (१९३६) या ग्रंथात स्पष्ट दिसतो. जात ही विटांची भिंत नसून मनाची धारणा आहे, ही मांडणी त्याच ग्रंथातील. मुले ऐकून शिकत नाहीत, करून आणि एकत्र विचार करून शिकतात, हे ड्यूईंचे शिक्षणविषयक सूत्र होते. याच परंपरेत पुढे मॅथ्यू लिपमन हे तत्त्वज्ञ झाले. तेही कोलंबियात शिकले आणि तेथेच शिकविले. विद्यापीठात येईपर्यंत विचार करण्याची सवय लावायला उशीर झालेला असतो, असे त्यांना आढळले. म्हणून त्यांनी शाळकरी मुलांसाठी गोष्टींची पुस्तके लिहिली आणि १९७४ मध्ये माँटक्लेअर येथे मुलांच्या तत्त्वज्ञानासाठी संस्था उभारली.

त्यांची पद्धत आपल्या विहारात सहज चालेल. मुलांनी गोल बसायचे. एक छोटी गोष्ट पाळीपाळीने वाचायची. ती ऐकून मनात आलेले प्रश्न फळ्यावर लिहायचे, प्रश्नापुढे विचारणाऱ्याचे नाव लिहायचे. मग मतदान घेऊन एक प्रश्न निवडायचा आणि त्यावरच बोलायचे. नियम तीन. कारण दिल्याशिवाय मत मांडायचे नाही, दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकायचे, आणि पटल्यास आपले मत बदलायचे. मोठ्यांनी उत्तर सांगायचे नाही. हा शेवटचा भाग सर्वांत कठीण, हे आम्ही स्वानुभवाने सांगतो.

गोष्टींचा आपल्याकडे तोटा नाही. ‘मिलिंद प्रश्ना’त भिक्खू नागसेन राजाला विचारतात की रथ म्हणजे चाक का, आस का, जू का? त्यावरून ‘मी म्हणजे कोण’ हा प्रश्न मुले तासभर चघळतात. महात्मा फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ (१८५५) हे नाटक तर भीती दाखवून माणसाला कसे फसवितात याचा उत्तम पाठ आहे. बालभारतीने अकरावी-बारावीसाठी काढलेली तत्त्वज्ञान, तर्कशास्त्र आणि मानसशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तके आहेत. वर्ग घेणाऱ्याने ती आधी वाचावीत. अवघड वाटणार नाहीत.

आमच्या वर्गात एकदा कालाम सुत्त घेतले. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपला गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका, ती हिताची की अहिताची हे स्वतः पारखून पाहा, असा उपदेश तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना केला. दहावीचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, मग बाबासाहेबांनी सांगितले म्हणून तरी मानायचे का?”

विहारात शांतता पसरली. समोर बाबासाहेबांची प्रतिमा. मागे दोन वडीलधारी मंडळी बसली होती, त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. खरे सांगायचे तर आम्हालाही क्षणभर राग आला. मग लक्षात आले की ज्या मुलाने हा प्रश्न केला, त्यालाच सुत्त समजले होते. राजकारणातील व्यक्तिपूजा अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. आम्ही त्या मुलाला म्हणालो की त्यांचे म्हणणेही पारखून बघ. पुढच्या रविवारी तो ‘जातिनिर्मूलन’ची प्रत मागायला आला. त्याचे बोट धरून आम्ही नेले असते तर तो गेला नसता.

चळवळीने या प्रसंगातून शिकावे असे आम्हाला वाटते. आपण मुलांना जयंतीची भाषणे पाठ करायला लावतो. तावातावाने म्हटलेल्या भाषणाला टाळ्या पडतात आणि मुलगा घरी जाऊन विसरतो. पाठ केलेले विचार कठीण प्रसंगी मदतीला येत नाहीत. कॉलेजात कोणी ‘तुम्ही आरक्षणवाले’ म्हणून हिणवले, तर पाठ केलेले वाक्य तोंडातच राहते. तेथे उपयोगी पडते ती कारण मागण्याची सवय आणि समोरचा आपल्या मनाशी काय करू पाहतो आहे याची ओळख.

आक्षेप आम्हाला माहीत आहेत. दहावीचे वर्ष, मार्कांची स्पर्धा, त्यात हे नवे खूळ कशाला, असे पालक म्हणतील. त्यांची चिंता खोटी नाही. मजुरी करून फी भरणाऱ्या आई-बापाला मुलाची नोकरी दिसते, त्यात गैर काय? आम्ही गणिताचा तास कमी करा असे म्हणत नाही. आठवड्यातून एक तास मागतो. ज्या मुलीला उदाहरण येत असूनही तिचा हात फळ्यावर थांबतो, तिला आणखी दहा उदाहरणे दिल्याने काय होणार?

सरकारकडे आमची मागणी आहे की आठवीपासून आठवड्याला एक तासिका या दोन विषयांच्या ओळखीसाठी द्यावी. तिला परीक्षा नको, गुण नकोत, नाहीतर त्यातही ढ आणि हुशार तयार होतील. शिष्यवृत्तीसाठी वर्गात नावे पुकारण्याची पद्धत तर आजच्या आज बंद करता येते. त्यासाठी अभ्यासक्रम बदलावा लागत नाही. पण सरकारची वाट बघत बसू नये. निवृत्त शिक्षक, बी.ए., एम.ए. झालेले आपले तरुण, मानसशास्त्राच्या पदव्या घेऊन शहरात काम करणाऱ्या आपल्या लेकी, यांनी महिन्यातून दोन रविवार आपल्या जुन्या वस्तीला द्यावेत. सतरंजी, फळा आणि खडू एवढाच खर्च.

ती नववीतील मुलगी आता दहावीत आहे. गणितात ती आजही चुकते. परवा फळ्यावर तिचे उदाहरण पुन्हा अडले. तिने थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, “सर, हे उदाहरण मला आले नाही. तिसरी पायरी परत सांगा.”

आम्ही तिसरी पायरी परत सांगितली.

जय भीम!